धावती पिकअप मध्येच बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते: वायरिंगमधला दोष कसा पकडायचा

सोलापूरच्या मार्केट यार्डातून कांदा भरून निघालेली पिकअप मोहोळच्या पुढे गेली की किल्ली फिरवल्यासारखी फट्कन बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण पकडत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की अर्ध्या सेल्फला सुरू. गॅरेजला नेली की दिवसभर एकदाही बंद पडत नाही, स्कॅनर लावला तर दोषाचा कोड नाही. मग डिझेल फिल्टर बदलला जातो, नंतर बॅटरी, नंतर एखादा सेन्सर, शेवटी पंप उतरवून साफ करायची भाषा सुरू होते. गाडी मात्र पुढच्या खेपेला पुन्हा त्याच रस्त्यावर उभी.

असा येऊन-जाऊन असणारा दोष पार्ट बदलून सापडत नाही. गाडी गॅरेजमध्ये उभी असते तेव्हा तो नसतोच. गाडी बंद पडते त्या क्षणी कुठला पुरवठा तुटला हे दिसलं पाहिजे, आणि ते दिसण्याची सोय आधी करून ठेवावी लागते. ही सोय थोड्या खर्चात होते. खाली दिलेली पद्धत बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त अशा कॉमन रेल डिझेल गाड्यांना (ज्यांत उच्च दाबाच्या एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल जातं) लागू पडते. वायरचे रंग आणि पिनचे क्रमांक मॉडेलप्रमाणे बदलतात, ते आपल्या मॉडेलच्या वायरिंग नकाशातूनच घ्यायचे.

आधी ठरवा: डिझेल की वायरिंग?

ड्रायव्हरला एकच गोष्ट नीट विचारा, बंद पडण्याआधी गाडी काय करते? आधी दम टाकते, झटके घेते, चढाला रेस घेत नाही आणि मग बंद पडते, असं असेल तर बहुतेक वेळा डिझेलची बाजू: फिल्टर जाम, फिल्टरमध्ये पाणी, सक्शन पाइप एअर घेतोय, टाकीच्या झाकणाचा हवेचा मार्ग बंद. टाकीचं झाकण सैल करून एक खेप मारली तर शेवटची शंका फुकटात फिटते. काहीही सूचना न देता एका झटक्यात बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर काहीच झालं नाही अशी चालत असेल, तर वायरिंगच्या मागे लागा.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांना ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, नसतो. तिथे अचानक बंद पडण्याचं विजेचं कारण जवळजवळ एकच, पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे डिझेल तोडणारी विजेची झडप. त्याच्या वायरवर बल्ब लावून पाहिला की काम झालं. आणि त्या गाड्यांवरची एक सवय इथे आणू नका. पाइपचा नट ढिला करून एअर काढायची पद्धत कॉमन रेलच्या उच्च दाबाच्या पाइपांवर कधीही वापरायची नाही. चालू इंजिनमध्ये तिथला दाब १,००० बारच्या वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीच्या आत शिरते.

बंद पडल्यावर पहिली तीस सेकंद

गाडी आधी डावीकडे सुरक्षित घ्या. इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकला व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते, म्हणून ब्रेक पंप न करता एकदाच घट्ट दाबून धरायचा. हझार्ड लावा, हँडब्रेक ओढा, भरलेल्या गाडीच्या चाकामागे दगड ठेवा, त्रिकोण मागे लांब ठेवा. पुणे महामार्गावर रात्री मागून येणाऱ्या ट्रकला उभी पिकअप फार उशिरा दिसते.

मग किल्ली बंद न करता मीटरकडे पाहा. ती बंद केली की निम्मा पुरावा गेला.

मीटरसकट सगळे दिवे गेले असतील तर दोष अगदी मुळाशी आहे: बॅटरीचा पोल, मुख्य फ्यूज किंवा इग्निशन स्विच. दिवे आहेत पण चेक लाइट (मीटरवरचा इंजिनाच्या चित्राचा दिवा) लागलेला नाही, तर ईसीयूला पुरवठा मिळत नाहीये, कारण किल्ली चालू आणि इंजिन बंद असताना चेक लाइट लागलाच पाहिजे. नव्या गाड्यांत मीटर स्वतःच तो दिवा लावून ठेवतं. तिथे स्कॅनर जोडून ईसीयूशी बोलणं होतंय का ते पाहायचं. चेक लाइट लागलाय, पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नाही, तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरवर, संशय. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर किल्लीतली चिप किंवा स्टेअरिंगजवळची रिंग तपासायची.

आणखी एक खूण. गाडी गिअरमध्ये असताना इंजिन बंद झालं तर चाकं काही क्षण इंजिनाला फिरवत असतात. त्या वेळी काटा सावकाश खाली आला तर क्रँक सेन्सरचा सिग्नल शाबूत आहे. इंजिन फिरत असतानाच काटा एकदम शून्यावर आदळला, तर सिग्नल किंवा ईसीयूचा पुरवठा तुटला. ड्रायव्हरच्या लक्षात हे राहणं कठीण, म्हणून मोबाइल मीटरसमोर लावून व्हिडिओ सुरू ठेवावा.

बॅटरी, पोल आणि अर्थ

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळाले तर डायनामो ठीक. मग मल्टीमीटर एसीवर घेऊन बॅटरीच्या पोलवरच पुन्हा मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायनामोचा डायोड गेलाय, आणि ती खरखर क्रँक सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळते. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून डायनामो तपासण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ती कृपा करून करू नका, करूही देऊ नका. त्या क्षणी उठणाऱ्या व्होल्टेजच्या उसळीने ईसीयू कायमचा जाऊ शकतो.

पोलवरचं टर्मिनल हाताने पिळून पाहा. हललं तर ते सैल आहे, वरून नट कितीही आवळलेला दिसो. पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून धुवा, वाळवा, घासून चकचकीत करा, आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावायची नाही.

अर्थकडे, म्हणजे चासीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडाकडे, सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पिकअपमध्ये इंजिन रबरावर, केबिन रबरावर, म्हणून प्रत्येकाला चासीशी जोडणारी स्वतंत्र पट्टी असते. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात चासीवर लिंपली जाते, ओल धरून ठेवते आणि थिंबलच्या (वायरच्या टोकाच्या, बोल्टाखाली बसणाऱ्या कड्याच्या) आत गंज चढतो. बाहेरून बोल्ट घट्टच दिसतो. त्यामुळे डोळ्यांनी पाहून नव्हे, मोजून ठरवा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (टर्मिनलवर नव्हे, शिशाच्या पोलवर), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. कोणी तरी सेल्फ मारायचा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. ईसीयूच्या अर्थ वायरवर, इंजिन चालू आणि हेडलाइट-पंखा सुरू असताना, ०.१ च्या आत हवं. जास्त असेल तर थिंबल काढा, रंग आणि गंज खरवडून लोखंड उघडं करा, दातेरी वॉशर घालून आवळा.

बल्ब लावून पाळत

हा या सगळ्याचा गाभा. लागणारं सामान: पार्किंगचे १२ व्होल्ट ५ वॅटचे चार बल्ब होल्डरसह, साधारण १५ मीटर बारीक वायर, चार इनलाइन फ्यूज होल्डर आणि २ अँपियरचे फ्यूज. प्रत्येक जोडणीच्या अगदी मुळाशी फ्यूज हवाच, नाहीतर दोष शोधायला ओढलेली वायरच घासून आग लावेल. एलईडी वापरू नका. ती अर्धवट कनेक्शनवरही छान पेटते.

पहिला बल्ब मुख्य रिलेच्या (ईसीयूचा पुरवठा चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) ३० नंबरच्या पिनवर, म्हणजे बॅटरीकडून येणाऱ्या कायम पुरवठ्यावर. दुसरा त्याच रिलेच्या ८७ वर, जिथून ईसीयूला पुरवठा जातो. तिसरा इग्निशन स्विचकडून ईसीयूला जाणाऱ्या वायरवर. या तिघांचं दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. चौथा उलटा लावायचा: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं ईसीयूच्या अर्थ वायरला. चारही बल्ब डॅशबोर्डवर क्रमाने टेपने चिकटवा, वर नंबर लिहा, मोबाइलच्या व्हिडिओत बल्ब आणि आरपीएमचा काटा दोन्ही येतील असं पाहा. सेन्सरच्या किंवा ५ व्होल्टच्या वायरवर बल्ब लावायचा नाही, ती लाइन एवढा करंट देऊ शकत नाही.

आता गाडी ज्या परिस्थितीत बंद पडते तीच तयार करा. उष्णतेने पडत असेल तर दुपारी भरल्या गाडीने तुळजापूरकडचा चढ घ्या. हादऱ्याने पडत असेल तर खड्ड्यांचा आतला रस्ता. रिकाम्या गाडीने सकाळी गारव्यात हॉटगी रोडला चक्कर मारून काही हाती लागणार नाही.

बंद पडली की व्हिडिओ मागे नेऊन सावकाश पाहा. पहिला बल्ब गेला असेल तर बॅटरीपासून रिलेपर्यंतची लाइन: मुख्य फ्यूज, त्याचा बोल्ट, मधलं कपलर (वायरी जोडणारा प्लग). आधी तिसरा गेला आणि एक-दोन सेकंदांनी दुसरा, तर दोष इग्निशनच्या बाजूला. इथेच अनेक जण फसतात. इग्निशन तुटली की ईसीयू स्वतःच रिले सोडतो, मग दोन्ही बल्ब विझलेले दिसतात आणि बिचारा रिले बदलला जातो. म्हणून कोणता आधी गेला हेच महत्त्वाचं. पहिला-तिसरा पेटलेले आणि फक्त दुसरा गेला, तर रिले, त्याचा बेस, किंवा रिलेच्या कॉइलला ईसीयूकडून येणारी वायर. चौथा मंद झाला, तर अर्थ. चारही शेवटपर्यंत तेजीत पेटत राहिले आणि तरी इंजिन गेलं, तर पुरवठा निर्दोष आहे, सरळ क्रँक सेन्सर आणि ५ व्होल्टच्या लाइनकडे वळा.

रिले, फ्यूज, इग्निशन स्विच

रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांमध्ये बहुधा ७० ते १०० ओहम असतो. पण कॉइल ठीक असूनही कॉन्टॅक्टवर कार्बन असू शकतो. टेबलावर रिले चालू करून ३०-८७ मधून हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब पेटवा आणि दोन्ही पिनांमध्ये व्होल्ट मोजा. ०.२ च्या वर गेलं, किंवा हेअर ड्रायरने गरम केल्यावर अगर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर बल्ब लुकलुकला, तर रिले टाकून द्या. त्याच नंबरचा दुसरा रिले गाडीतच हॉर्नला वगैरे असेल तर अदलाबदल करून पाहता येते, मात्र पिनांची मांडणी जुळते का ते रिलेवरच्या आकृतीवरून आधी पाहा.

फ्यूजपेक्षा फ्यूजचं घर जास्त वेळा दोषी निघतं. प्लॅस्टिक पिवळट किंवा वितळलेलं असेल तर तिथली पकड सैल होऊन उष्णता झाली आहे. मोठ्या अँपियरचा फ्यूज हा त्यावर उपाय नाही, त्याने फक्त वायर जळते.

इग्निशन स्विच तपासायला इंजिन आयडलला ठेवून किल्ली हलकेच वर-खाली हलवा. घर, गोदाम, हौद्याचं कुलूप अशा चाव्यांचा जुडगा किल्लीला लटकत असेल तर तो आजच काढा. खड्ड्यात तेच वजन स्विचच्या आतले कॉन्टॅक्ट झिजवतं.

क्रँक सेन्सर: गरम झाला की मुका

गरम होऊन बंद आणि थंड होऊन सुरू, या लक्षणाचा सर्वांत मोठा मानकरी हाच. हा सेन्सर इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगतो. त्याचा सिग्नल गेला की ईसीयू डिझेल तोडतो. आतली केसाएवढी तार उष्णतेने पसरून तुटते, थंडाव्याने पुन्हा चिकटते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच ४२-४३ अंश असताना बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून डिसेंबरमध्ये गप्प असलेला दोष उन्हाळ्यात बोलू लागतो.

स्कॅनर असेल तर सेल्फ मारताना आरपीएम वाचा. १५० ते २५० दिसायला हवेत. इंजिन फिरतंय आणि स्कॅनरवर शून्य, तर सिग्नल नाही. स्कॅनर नसेल तर बंद पडलेल्या जागीच ओलं फडकं फक्त सेन्सरवर धरा, सायलेन्सरपासून हात सांभाळून. दोन मिनिटांत गाडी पकडली तर संशय जवळजवळ पक्का.

दोन वायरचा मॅग्नेटिक सेन्सर ओहमवर मोजता येतो. बहुतेकांचं मूल्य ५०० ते १,५०० ओहमच्या दरम्यान असतं. इंजिन थंड असताना एकदा मोजून लिहून ठेवा आणि गाडी बंद पडल्यावर लगेच पुन्हा मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांना ८६० ओहम असलेला सेन्सर ९० अंशांना सुमारे १,१०० दाखवणारच. एवढ्या वाढीला दोष समजू नका. आकडा उडाला, नाचायला लागला किंवा अनंत झाला, तर सेन्सर गेला. हॉल प्रकारच्या, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या, सेन्सरवर ओहम मोजायचे नाहीत. तिथे पुरवठा, अर्थ आणि सिग्नल या तीन वायरी चालू अवस्थेत तपासायच्या. मॅग्नेटिक सेन्सरलाही कधी शील्डची तिसरी वायर असते, म्हणून नुसत्या वायरी मोजून प्रकार ठरवू नका.

बदलण्याआधी सेन्सर काढून टोक पाहा. लोखंडाचा कीस चिकटला असेल तर पुसून पुन्हा तपासा. कपलरच्या पिना सैल असतील तर नवा सेन्सरही तसाच वागेल. त्याची वायर डायनामोच्या जाड वायरीला बांधलेली असेल तर वेगळी करा.

५ व्होल्टची लाइन आणि घासलेली वायर

ईसीयू अनेक सेन्सरांना ५ व्होल्ट पुरवतो आणि त्यांतले काही एकाच लाइनवर असतात. त्यामुळे एका साध्या सेन्सरची वायर चासीला घासून टेकली की रेल प्रेशर सेन्सरही आंधळा होतो आणि इंजिन बंद पडतं. स्कॅनरवर एकदम तीन-चार सेन्सरांचे कोड आले तर सगळे सेन्सर एकाच दिवशी मेले असं मानू नका, ५ व्होल्ट मोजा. मग त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचं कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो किंवा त्याची वायर दोषी.

घासण्याच्या ठरलेल्या जागा: बॅटरी ट्रेची कड, बेल हाउसिंगच्या (क्लचच्या घराच्या) वरचा पट्टा, इंजेक्टरच्या हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) वळसा, सायलेन्सरजवळून जाणारा भाग आणि केबिनमधून बाहेर पडताना पत्र्यातलं भोक. इंजिन आयडलला ठेवून हार्नेस वीतभर वीतभर हलवत जा. जिथे इंजिनाने झटका घेतला तिथली टेप उघडा.

संशयित वायरचा भार घेऊन बघायचा असेल तर दोन्ही टोकांची कपलरं काढून तिच्यातून बल्ब पेटवा. दहा तारांपैकी एकच उरली तरी मल्टीमीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट लागत नाही. जाड पुरवठ्याच्या वायरला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा, तो पावणेदोन अँपियर ओढतो. मंद पेटला तर वायर आतून तुटलीये. सेन्सरच्या बारीक वायरला ५ वॅटचा पुरे.

नंतर जोडलेल्या गोष्टी

गाडी नवी असेल तर पहिली नजर इथेच टाका. जीपीएस बसवताना इंजिन बंद करण्यासाठी इग्निशनच्या वायरमध्ये एक रिले घातलेला असतो. हा रिले हलका असेल किंवा जोड पिळून टेप मारलेला असेल, तर गाडी नेमकी अशीच बंद पडते. दोष शोधण्यापुरता तो बाजूला काढून मूळ वायर जोडून पाहा, मात्र गाडी कर्जावर असेल तर आधी फायनान्सवाल्यांना कळवूनच. एलईडी बार, म्युझिक, रिव्हर्स हॉर्न यांनी इग्निशनमधूनच करंट घेतला असेल तर त्यांना वेगळा फ्यूज आणि रिले देऊन थेट बॅटरीवरून पुरवठा द्या.

हौद्याला उंच जाळी किंवा अँगल वेल्डिंग करून घेतल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर त्या जागेखालून जाणारी चासीची वायरिंग तपासा. इन्सुलेशन वितळलेलं सापडतं. वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीयूची कपलरं काढायची आणि वेल्डिंगची अर्थ वेल्डच्या शेजारी लावायची. धुलाईनंतर बंद पडत असेल तर कपलरमधलं रबर सील जागेवर आहे का पाहा. धान्याच्या गोदामाशेजारी गाडी लागत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बॉनेटखाली मागच्या बाजूला असतात.

कोडबद्दल थोडं

पी ०३३५ आणि पी ०३३९ क्रँक सेन्सरच्या सर्किटचे, त्यातला दुसरा सिग्नल येऊन-जाऊन असल्याचा. पी ०६८५ मुख्य रिलेचा, पी ०६४१ पाच व्होल्टच्या लाइनचा, पी ०५६२ व्होल्टेज कमी असल्याचा. पी ००८७ रेल प्रेशर कमी असल्याचं सांगतो आणि बहुतेकदा डिझेलकडे नेतो. ईसीयूचा पुरवठाच तुटला असेल तर कोड साठवायला तो जागाच नसतो, त्यामुळे कोड नाही हाही पुरवठ्याकडे बोट दाखवणारा पुरावा धरा.

दुरुस्ती आणि खात्री

वायर पिळून टेप मारू नका. योग्य मापाचा क्रिंप जोड किंवा सोल्डर, वर हीट श्रिंक स्लीव, आणि जोड हलणाऱ्या जागेपासून दूर. तपासताना वायरला सुई टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरून वर्षभराने तीच वायर हिरवी पडते. पिन कपलरच्या मागून घाला. पिनांवर पॉलिश पेपर न घासता कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, पण बल्ब काढू नका. त्याच रस्त्याने, तेवढाच माल भरून, तशाच उन्हात गाडी चालवा. आधी रोज बंद पडत असेल तर आठवडा, आठवड्यातून एकदा पडत असेल तर महिना तरी पाळत ठेवा. मग बल्ब काढा आणि ते जोडलेल्या चारही जागा स्लीवने नीट बंद करा.